गरीबहाद्दरास

मेकॅनिक्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
६ एप्रिल

प्रिय गरीबहाद्दर,

(फोड नीट कर. गरी-बहाद्दर, म्हणजे गळाचा बहाद्दर. ‘गरीब’ वाचून परत शिव्या घालू नकोस.)

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसत सुटलास. एक, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याशिवाय यंत्राची होडी चालते कशी? दोन, धरलेला मासा परत सोडायचाच असेल तर भल्या पहाटे कुडकुडत जायचं कशाला? तुला फोनवर काही समजावायचं म्हणजे मध्येच दुकानात गिऱ्हाईक येतं आणि तू ‘हां, बोल, बोल’ करत खिळे मोजायला लागतोस. आज इथे सकाळपासून पाऊस लागलाय, नदी चढणार, बाहेर पडणं नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. दुपारी शटर ओढल्यावर वाच.

नदीचं नाव सस्क्वेहॅना. न्यूयॉर्क राज्यात ओट्सेगो नावाच्या तळ्यातून निघते आणि ४४४ मैल, म्हणजे सातशे किलोमीटरच्या वर वाहून चेसापीक उपसागराला मिळते. इथल्या हॅरिसबर्ग शहरापाशी पात्र जवळजवळ मैलभर रुंद आहे. पहिल्यांदा पुलावरून बघितली तेव्हा वाटलं, बाप रे, खोल केवढी असेल! कसली खोल. उन्हाळ्यात लोक मधोमध मांडीभर पाण्यात उभे राहून गरवतात. तळाला कातळाचे पट्टे या काठापासून त्या काठापर्यंत आडवे गेलेत, आपल्या भाताच्या खाचरांना बांध असतात ना, तसे. दोन बांधांच्या मध्ये कुठे पुरुषभर पाणी, तर बांधावर टाचा बुडतील एवढंच.

अशा ठिकाणी पंख्याची होडी घातलीस तर पहिल्या पाच मिनिटांत पंख्याचे तुकडे वेचायला लागशील. म्हणून इथे पंखा काढून त्या जागी पंप बसवतात. यंत्र नेहमीचंच, होडीच्या मागे टांगलेलं. खाली जाळी असते, त्या जाळीतून पाणी वर ओढलं जातं आणि पंपातून जोराने मागे फेकलं जातं. त्या धारेच्या रेट्यावर होडी पुढे जाते. तळापेक्षा खाली लोंबणारं काहीच नाही. याची किंमत मोजावी लागते, यंत्र ६० घोड्यांच्या ताकदीचं (हॉर्सपॉवर) असलं तर पंपातून जेमतेम ४० घोडे बाहेर पडतात आणि पेट्रोल मात्र साठांचं पितं. होडी ॲल्युमिनियमची, तळ सपाट, दिसायला अगदीच पत्र्याची पेटी. पण वेगात असली की पाण्यावर वर उचलली जाते आणि चार-पाच इंच पाण्यावरून सुद्धा निघून जाते. तुझा विश्वास बसणार नाही. माझाही नव्हता.

होडी माझी नाही. ऑफिसातून निवृत्त झालेला एक म्हातारा आहे, त्याची. पत्रात त्याला तात्याच म्हणतो, कारण कुरकुरण्यात तुझ्या तात्यांचा तो सख्खा भाऊ शोभेल. चहा गार झाला, पाणी गढूळ झालं, पोरं मोबाइलवर बसतात, सगळं तेच. फक्त इंग्रजीत.

गेल्या शनिवारी आम्ही फोर्ट हंटरच्या धक्क्यावरून होडी घातली. निघायच्या आधी तात्याने फोनवर नदीची उंची बघितली. हॅरिसबर्गला सरकारी मापयंत्र आहे, त्याचे आकडे दिवसभर बघायला मिळतात. १७ फुटांना पूर समजतात. त्या दिवशी पाच फुटांच्या जरा खाली होतं. मला पोफळीचं अवजल आठवलं. वीज तयार झाली की कोयनेचं पाणी वाशिष्ठीत सुटायचं आणि तू नुसता दगडावरचा ओला पट्टा बघून सांगायचास, ‘आता अर्ध्या तासात वर सरकायचं.’ तुला मापयंत्र लागलं नाही कधी. तात्याला हे सांगितलं तर म्हणाला, मग तुझ्या मित्राला बोलव आणि हे यंत्र काढून टाकू.

हवा तीन अंश, पाणी आठाच्या जरा वर. इथल्या कायद्याने १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल सोळा फुटांहून लहान होडीत तरंगजाकीट अंगात घालावंच लागतं, नुसतं जवळ ठेवून चालत नाही. तात्याची होडी अठरा फुटांची. मी जाकीट मांडीखाली घेऊन बसलो तर म्हणाला, थंड पाण्याला फूटपट्टी कळत नाही. अशा पाण्यात माणूस पडला की आधी श्वास अडकतो. पट्टीचा पोहणारा असला तरी पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जातं. मुकाट्याने घातलं. आपण श्रावणात बहादूरशेखच्या पुलाखाली उड्या मारायचो ते पाणी याच्यापुढे कढत म्हणायचं.

धक्क्याच्या थोडं खाली रॉकव्हिलचा रेल्वेपूल आहे. १९०२ सालचा, दगडी, ४८ कमानी, ३,८२० फूट लांब. दगडी कमानींचा एवढा लांब रेल्वेपूल जगात दुसरा नाही म्हणतात. सकाळच्या धुक्यात त्यावरून मालगाडी जाताना मी डबे मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे नाद सोडला. वरच्या अंगाला, जिथे डोंगर नदीला दोन्हीकडून दाबतात, तिथे पाडलेल्या जुन्या पुलाच्या एका खांबावर स्वातंत्र्यदेवीचा छोटा पुतळा उभा आहे. १९८६ मध्ये कोणीतरी गंमत म्हणून लाकडाचा आणि खिडकीच्या पट्ट्यांचा करून ठेवला, वादळात गेला, तर लोकांनी वर्गणी काढून पुन्हा पक्का बसवला. आपल्याकडे खांबावर काही बसवलं असतं तर एव्हाना जत्रा भरली असती.

त्या पुतळ्याकडे जाताना तात्याने सुकाणू माझ्या हातात दिलं. आणि आता तुला हवा तो भाग येतो.

पाणी वाचायला त्याने शिकवलं होतं. पाण्यावर इंग्रजी व्ही उमटतो. त्याचं टोक खालच्या अंगाला असेल तर दोन दगडांच्या मधून वाट आहे, घाल. टोक वरच्या अंगाला असेल तर टोकापाशीच दगड आहे, मर. हे मला पाठ होतं. दुसरी गोष्टही पाठ होती, उथळ दिसलं की वेग कमी करायचा नाही. वेगात होडी वर असते. वेग गेला की ढुंगण टेकते. पण पाठ असणं वेगळं आणि समोर पाण्यातून तळाचा एकेक गोटा मोजता येत असताना हात न हलवणं वेगळं. स्कूटरवर खड्डा दिसला की आपला हात आपोआप कुठे जातो?

मी वेग कमी केला. होडी बसली. खालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला, जात्यात खडे पडल्यासारखा, कारण पंपाने गोटेच ओढले. मग यंत्र नुसतं भुंकायला लागलं. धार नाही, म्हणजे वळणंही नाही. पंख्याच्या होडीला निदान यंत्राचा खालचा भाग सुकाणूसारखा वळवता येतो. हिला पाण्याची धार थांबली की काहीच नाही. आम्ही मैलभर रुंद नदीच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, गोट्यांच्या ढिगावर बसलो.

ज्याने बसवली त्याने उतरायचं, असा नियम तात्याने तिथल्या तिथे केला. उतरलो. बुटात पाणी गेल्यावर मी आईच्या नावाने जे ओरडलो ते बेटावरच्या बदकांनीही ऐकलं असणार. ढकलली, खोल पाण्यात नेली, यंत्र वर उचललं, जाळीतून कुजक्या पानांचा लगदा आणि सुपारीएवढे खडे काढले. तात्या एक शब्द बोलला नाही. थर्मासमधली कॉफी दिली आणि माझे मोजे पिळून यंत्रावर वाळत घातले.

आता मासा. स्मॉलमाउथ बास. जबडा डोळ्याच्या मागे जात नाही म्हणून ‘लहान तोंडाचा’. याचा मोठ्या तोंडाचा भाऊ तळ्यात-डबक्यात सुखाने राहतो, याला वाहतं पाणी आणि दगड लागतो. अंग पितळी, त्यावर उभे काळपट पट्टे, डोळा लालसर. मूळचा या नदीतला नव्हे, एकोणिसाव्या शतकात माणसांनी आणून सोडला. ‘म्हणजे तुझ्यासारखाच’ हा विनोद तात्याने केलेला आहे, तू पुन्हा करू नकोस.

थंडीभर हा खोल डोहात दगडाआड पडून असतो, जवळजवळ उपाशी. पाणी सात-आठ अंशांवर आलं की हलायला लागतो. पंधरा-सोळाला पोहोचलं की नर गोट्यांमध्ये खळगा करून घरटं घालतो आणि मादीने अंडी घातल्यावर राखण तोच करतो, पिल्लं निघाल्यावर सुद्धा. आत्ता एप्रिलच्या सुरुवातीला त्यांची मधली अवस्था. भूक लागलीय, पण अंगात उरक नाही. बर्फ वितळून नदी जोरात, आणि त्या जोराशी झगडायला ताकद नाही. मग ते कुठे असणार?

तुझंच वाक्य. ‘पाणी जिथे दमतं तिथे मासा बसतो.’

एका बेटाच्या खालच्या टोकाला आम्ही थांबलो. तिथे सिकॅमोरची झाडं आहेत, पांढऱ्याफेक बुंध्यांची. पाणी दोन्हीकडून धावतंय आणि मध्ये अंगणभर जागा गप्प. तात्या नांगर टाकून त्या गप्प जागेच्या मध्यावर आमिष टाकायला लागला. अर्धा तास काही नाही. पाण्याची ओढ बघायला तू सोडायचास ते फणसाचं पान मला आठवलं. होडीत सिकॅमोरचं मागल्या वर्षीचं एक वाळकं पान पडलं होतं, पंज्याएवढं. ते मी पाण्यात सोडलं. तात्याने भुवया उडवल्या. पान खाली गेलं, बेटाच्या शेपटीपाशी अडखळलं, मग हळूच उलटं फिरलं आणि वरच्या अंगाला यायला लागलं. जिथून ते वळलं तिथे, धार आणि डोह यांच्या शिवणीवर, मी टाकलं.

आमिष म्हणजे प्लास्टिकचा छोटा मासा, पोटाखाली दोन गळ. याची खुबी अशी की ओढलं की बुडतो आणि थांबलं की बुडतही नाही, वरही येत नाही, तिथेच अधांतरी राहतो. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. उन्हाळ्यात दोन सेकंद पुरतात. या पाण्यात दहा, पंधरा. तिथे होडीत वेग कमी केला म्हणून मोजे भिजले, आणि इथे हात हलवला तर मासा गेला. एकाच सकाळी दोन्ही शिकायचं म्हणजे फार झालं. मी मोठ्याने मोजायला लागलो. मराठीत. तात्याला वाटलं मंत्र म्हणतोय.

अकराला गळाची दोरी, आपली तंगूस, जड झाली. हिसका नाही, झटका नाही. ओलं फडकं अडकावं तशी जड. तुझ्या शिंगाळी माशासारखी गळ तोंडात घेऊन दोरी पळवायची पद्धत या दिवसांत नसते. मी उचललं आणि ते फडकं खाली चाललं. उन्हाळ्यात हा मासा हवेत तीन-तीन उड्या मारतो. या वेळी एकही नाही, नुसती डोहाच्या तळाकडे ओढ, हट्टी म्हशीसारखी. काठीचा शेंडा पाण्यात गेला. चार-पाच मिनिटं असेल, माझे गार पडलेले पाय कुठे गेले मला आठवत नाही.

मादी होती. १९ इंच, पावणेदोन किलोच्या आसपास, पोट अंड्यांनी टम्म. तात्या म्हणाला, आठ-दहा वर्षांची तरी असेल, हे मासे सावकाश वाढतात. हात आधी पाण्यात भिजवून मगच धरायची, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखम चिघळते. फोटो एकच काढला, तात्याचा अंगठा भिंगावर आलाय, पण पाठवतो.

आणि सोडली. तुझा दुसरा प्रश्न.

खरं सांगू, पहिल्या वर्षी मलाही हा साहेबी नखरा वाटायचा. आपण कधी काही सोडलं? तांबोशी लागली की घरी पोहोचायच्या आधी मसाला कोण वाटणार यावरून भांडण. पण इथे या पट्ट्यात स्मॉलमाउथ घरी न्यायला परवानगीच नाही, २०११ पासून. २००५ च्या उन्हाळ्यात या नदीत लहान पिल्लं अंगावर फोड येऊन मेली आणि पुढे कित्येक वर्षं मरत राहिली. नरांच्या वृषणांत अंड्यांसारख्या पेशी सापडल्या. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं शोधलं आणि एकच एक गुन्हेगार मिळाला नाही. जंतू, परजीवी, शेतातली तणनाशकं, संप्रेरकं बिघडवणारी रसायनं, सगळ्यांचा थोडा थोडा हात. तात्या सांगतो, तेव्हा दिवसभर फिरून मोठे मासे मिळायचे, पण बोटाएवढं पिल्लू दिसायचं नाही. ‘म्हाताऱ्यांचं गाव झालं होतं’ असं म्हणाला. आता पिल्लं दिसतात पुन्हा.

त्याचं ऐकताना मला आपल्या खाडीत मासे पांढरी पोटं वर करून आले होते तो दिवस आठवला. तू काठावर चप्पल काढून उभा होतास. कशाला काढली होतीस रे? कधी विचारलं नाही.

परत येताना सुकाणू मीच घेतलं. त्याच उथळ जागी तोच एकेक गोटा दिसला. हात थरथरत होता, पण मागे घेतला नाही. खाली आवाज झाला नाही. तात्या झोपेचं सोंग घेऊन बसला होता, पण एक डोळा उघडा होता.

मे महिन्यात माझी बहीण येतेय. तिच्याबरोबर ते अधांतरी राहणारे दोन प्लास्टिकचे मासे पाठवतोय. अवजल नसेल त्या दिवशी, भरतीच्या आधी, तुझ्या दगडावरून टाकून बघ. आणि थांब. तू दोनच्या पुढे मोजणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी थांब. काय लागतं ते कळव, पत्राने.

वहिनींना नमस्कार. धाकट्याचा दहावीचा निकाल लागला की सांग.

तुझाच,
तांबोशीचा अर्धा वाटेकरी

ता. क. होडी बसल्याचं आणि पाण्यात उतरल्याचं आमच्या आईला सांगू नकोस. तिला मी बागेत फिरायला जातो असं सांगितलंय.