तो मावा आधीच मेलेला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत मित्रकीटकांचा विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण छायाचित्राखालची ओळ वाचून राहवलं नाही: ‘माव्याचा तीव्र प्रादुर्भाव, तातडीने फवारणी करा.’ अहो, मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, आणि त्या पानावरचा निम्मा मावा फुगून सोनेरी पडलाय आणि काहींच्या पाठीला सुईने पाडावं तसं गोल भोक आहे. तो मावा मेलेला आहे! आफिडियस या माव्यावर वाढणाऱ्या चिमुकल्या मित्रमाशीने त्याच्या पोटात अंडं घातलं, अळीने त्याला आतून खाल्लं आणि नवी माशी पाठ कापून उडाली. ज्यांना भोक नाही, त्यांच्यात पुढची पिढी वाढतेय.

मी चिडलोय, कारण आमच्या बागेत नेमकं हेच घडलं. शेंड्यांवर असेच सोनेरी फुगलेले किडे होते. पाहणीला आलेल्या सल्लागाराने एक पान उलटलं, ‘मावा फार माजलाय’ म्हणाला आणि मी नसताना गड्यांकडून पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारून घेतलं. माश्या संपल्या. गुंडाळलेल्या पानांत दडलेला मावा मात्र वाचला. माव्याच्या मादीला हंगामात नराची गरज नसते, ती थेट पिल्लंच देते. माशीला मात्र अंड्यापासून उडेपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. महिनाभरात पानं चिकट झाली, फळांवर काळी बुरशी चढली. सल्लागार पुन्हा फिरकला नाही.

‘माश्या सोडूनही उपयोग होत नाही’ असं लेखक ठामपणे लिहितात, पण मुंग्यांचा उल्लेखही करत नाहीत. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, माशीला हुसकावतात. मुंग्या वर चढू नयेत म्हणून खोडाला चिकटपट्टी न बांधता माशीला नापास करणं अन्याय आहे. सफरचंदाच्या लोकरी माव्यावर आफेलिनस माली ही उत्तर अमेरिकेतली माशी 1920च्या दशकापासून कितीतरी देशांत नेली गेली आणि टिकली. मुळांवरच्या माव्यापर्यंत ती पोहोचत नाही हे खरं, पण फांद्यांवरचं काम ती चोख करते.

आणखी एक. लेखावर पिवळ्या-काळ्या गांधीलमाशीचं भलंमोठं चित्र कशासाठी? आफिडियस जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते, माणसाला चावत नाही. ते चित्र पाहून आमचे गडी विचारताहेत, असल्या माश्या बागेत सोडणार का? दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया खऱ्या माशीचं चित्र छापा, शेजारी मुंगी ठेवून, म्हणजे आकार कळेल.

आपला,
एक बागायतदार