वाढत्या वजनाविषयी मुलास पत्र

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या महिन्यात तू घरी आला होतास, तेव्हा जेवताना सर्वांसमोर तुझ्या सुटलेल्या पोटाविषयी मी जे बोलले, ते बोलायला नको होते. तू काही उत्तर न देता उठलास आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी नेहमीसारखाच वागलास, त्यामुळे ती गोष्ट मला अधिकच टोचत राहिली. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. विषय मात्र मी सोडणार नाही, कारण त्या बोलण्यामागची काळजी खरी आहे, आणि ती टोमण्यात उडवून देण्याऐवजी तुझ्यासमोर नीट मांडणे, एवढे तरी मी तुझे देणे लागते.

मी एकतीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले, हे तुला ठाऊकच आहे. नोकरीच्या सुरुवातीला उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखर वाढलेली आढळली, की कागदावरचे वय बहुधा पन्नाशीच्या पुढचे असे. निवृत्त होण्याच्या सुमारास तिशीतल्या माणसांचे तसे अहवाल माझ्या हातून रोज जात होते, आणि साखरेच्या जोडीला ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, व यकृताची एन्झाइम्सही वाढलेली असत. नाव झाकले तरी नुसत्या आकड्यांवरून त्या माणसाच्या कंबरेचा अंदाज यावा, इतके ते आकडे एकमेकांना धरून असत. माझ्या टेबलावर जे दिसत होते तेच जगभर घडत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगातील २५० कोटी प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि त्यांपैकी ८९ कोटी लठ्ठ या वर्गात मोडत होते. १९९० पासून प्रौढांमधील लठ्ठपणा दुपटीहून अधिक झाला आहे.

एका पिढीच्या अवधीत जगातल्या कोट्यवधी माणसांचा संयम एकदमच सुटला, हे मला पटत नाही, आणि म्हणून तुला बोल लावण्याचा अधिकारही मला उरत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरे. २००७ साली लक्षात आलेल्या एफटीओ जनुकाच्या विशिष्ट प्रकाराच्या दोन्ही प्रती, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा, ज्यांच्यात असतात, त्यांचे वजन सरासरी तीन किलोंनी अधिक भरते. पण जनुके तीस वर्षांत बदलत नाहीत. बदलले ते आपले अन्न, आपली हालचाल आणि आपली झोप. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० प्रौढांना चार आठवडे संस्थेतच ठेवून, दोन आठवडे कारखान्यातले अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे अन्न दिले आणि हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, स्निग्ध पदार्थ आणि तंतू यांचे प्रमाण दोन्ही वेळा जुळते ठेवले होते. तरीही पहिल्या प्रकारच्या अन्नावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात गेली आणि पंधरवड्यात त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. साध्या अन्नावर ते साधारण तितकेच उतरले. २०१९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचल्यापासून ‘तोंडावर ताबा ठेव’ हा सल्ला मी कोणालाही देत नाही. तुला तो दिला, याचीच मला खंत आहे.

हालचालीबद्दल सांगायचे तर जेरेमी मॉरिस यांचा लंडनच्या बसगाड्यांवरचा जुना अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसभर बसून असणारे चालक आणि दुमजली बसचे जिने सतत चढणारे-उतरणारे वाहक यांची तुलना करून १९५३ साली त्यांनी दाखवून दिले, की वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता. पुढे त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. त्या फरकाला एकटे बैठे कामच कारणीभूत होते असे मी म्हणणार नाही. पण तू सकाळी नऊ ते रात्री नऊ ज्या खुर्चीत बसतोस, ती मला त्या चालकाच्या आसनासारखीच दिसते. झोपेचेही तसेच आहे. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. रात्री दोन वाजता तुला लागणारी भूक ही तुझी सवय कमी आणि अपुऱ्या झोपेचा परिणाम अधिक आहे, असे मला वाटते.

आता शरीरात काय घडते ते सांगते. चरबी म्हणजे निव्वळ साठा, अशी समजूत आमच्या शिक्षणाच्या काळात होती. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला आणि चरबीच्या पेशी मेंदूशी संप्रेरकांच्या भाषेत बोलतात, हे स्पष्ट झाले. त्वचेखालची चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते. तिची साठवण्याची क्षमता अपुरी पडू लागली की मेद पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती, यकृतात आणि स्वादुपिंडात साचू लागतो, आणि दुखणे तेथून सुरू होते. यकृतात मेद साचला की ते इन्सुलिनला दाद देईनासे होते. इन्सुलिन साखर तयार करणे थांबवायला सांगत असतानाही यकृत ती रक्तात सोडत राहते. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते आणि काही वर्षांनी त्याच्या पेशी थकतात. त्या मधल्या सर्व वर्षांत माणसाला काहीही होत नसते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणी तपासायला जात नाही, आणि अहवाल हाती पडतो तेव्हा बराच काळ हातचा गेलेला असतो.

माझे नेमके असेच झाले. तुझ्या जन्मानंतर माझे वजन वर्षाला एखाद्या किलोने वाढत गेले. एका वर्षात एक किलो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या साखरेचे आकडे लिहिणाऱ्या मला तो माझ्या अंगावर दिसला नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. त्यानंतर रक्तदाब आला, आणि मग गुडघे. गुडघ्यांविषयीच्या एका अभ्यासात असे आढळले, की वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो; हे कोणी मला पंचवीस वर्षांपूर्वी सांगितले असते, तर आज जिन्याच्या कठड्याला धरून चढण्याची वेळ कदाचित आली नसती.

बाकीची यादी तू डॉक्टरांकडून ऐकशीलच, म्हणून थोडक्यात लिहिते. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली शरीरातील अतिरिक्त मेदाचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. मानेभोवती मेद साचल्याने झोपेत श्वास वारंवार अडकतो. तुझ्या घोरण्याचा आवाज मध्येच थांबतो आणि मग तू दचकून श्वास घेतोस, हे मी त्या दोन रात्री ऐकले आहे. ते मी तेव्हा बोलले नाही, आणि जे बोलू नये ते बोलून बसले.

तुझे वजन ८४ किलो आहे आणि त्यावरून काढलेला बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २८ च्या खाली आहे, म्हणून तू निश्चिंत दिसलास. २५ पासून वजन अधिक आणि ३० पासून लठ्ठपणा, ही त्याची नेहमीची मापे. पण या आकड्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि चरबी कोठे साचली आहे हेही कळत नाही. आशियाई वंशाच्या लोकांना तुलनेने कमी बीएमआयवरच मधुमेह गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. त्या हिशेबाने तू दुसरा टप्पाही ओलांडला आहेस.

मी आत्ताच आग्रह धरते आहे, त्याचे कारण वेगळे आहे. वाढलेले वजन शरीर आपलेसे करून त्याचे रक्षण करू लागते. मेलबर्नमधील संशोधकांनी ५० जणांचे वजन कडक आहाराने उतरवले आणि वर्षभरानंतर त्यांचे रक्त तपासले, तेव्हाही भुकेची संप्रेरके वाढलेलीच होती आणि तृप्तीची घटलेली होती. वजन उतरवलेल्या माणसाचे वजन पुन्हा वाढते त्यात हे सारे असते, आणि लोक त्याला आळशी म्हणतात. सेमाग्लुटाइडसारख्या नव्या औषधांमुळे मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले, हे मोठे यश आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले, हेही त्याच चाचणीतील लोकांमध्ये दिसले. वीस किलो उतरवण्यापेक्षा पुढचे दहा किलो चढू न देणे फार सोपे आहे, आणि तू अजून त्या सोप्या बाजूला आहेस.

तुला सडपातळ होण्याचीही गरज नाही. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक प्रौढ होते. त्यांतील एका गटापुढे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. औषधाविना नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत, सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी कमी होते. तुझ्यासाठी ७ टक्के म्हणजे सहा किलोंच्या आत. वजन घटवून मधुमेह मागे हटवण्याचा ब्रिटनमधील प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला; त्यात वजन घटवण्याच्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षभरात औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली. परंतु त्यात निदानाला सहा वर्षे उलटलेल्यांना घेतले नव्हते, आणि माझ्या निदानाला तोवर आठ वर्षे झाली होती. तो निबंध मी दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा मला तुझी आठवण झाली.

कृपा करून या महिन्यात रक्तदाब मोजून घे, आणि उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) आणि यकृताची तपासणी करून घे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान आले तर घाबरू नकोस. तो मधुमेहाचा उंबरठा आहे, आणि वर सांगितलेला अमेरिकेतील प्रयोग अशांसाठीच होता. घोरण्याविषयी डॉक्टरांना आपणहून सांग. एखाद्याने तुझे काही ऐकून न घेता सगळे वजनावर ढकलले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण जाणे थांबवू नकोस.

आणि शिंप्याची टेप घेऊन कंबर मोज. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, टेप आडवी, न आवळता, आणि श्वास सहज सोडल्यानंतर; पोट आत ओढून नाही. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. तुझी उंची १७४ सेंटिमीटर आहे, म्हणजे ८७. जो आकडा येईल तो मला एकटीला कळव. सर्वांसमोर त्याचा उच्चार माझ्याकडून पुन्हा होणार नाही.

तुझी,
आई