३१ ऑक्टोबरच्या सुट्टीबद्दल, लाइपझिगला

प्रिय सोनू,

तिकडे ३१ ऑक्टोबरला सुट्टी (रिफॉर्मेशन डे, म्हणजे धर्मसुधारणा दिन) का असते असं तुझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणीने विचारलं आणि तू "ते कॅथलिक मूर्ती ठेवतात, आम्ही प्रोटेस्टंट नाही, त्यावरून भांडण झालं" असं सांगून मोकळी झालीस. अगं, मूर्तींचं नंतरचं, आणि त्या फोडणाऱ्यांवर मार्टिन लूथर, ज्याने हे सगळं सुरू केलं तो जर्मन साधू, स्वतःच जाम चिडला होता. नगरच्या संडेस्कूलमध्ये वाढलेल्या पोरीने एवढ्यावर भागवावं हे काही पटलं नाही, म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

सुरुवात पैशावरून झाली हे खरं. माइन्झच्या आर्चबिशप आल्ब्रेख्टने पदासाठी फुगर सावकारांचं कर्ज काढलेलं, ते फेडायला क्षमापत्रं विकायची, अर्धे पैसे सावकाराला आणि अर्धे रोमला सेंट पीटर्सच्या बांधकामाला. विकणारा टेट्झेल. सॅक्सनीत त्याला बंदी, म्हणून लूथरच्या विटेनबर्गची माणसं हद्द ओलांडून युटरबोगला जाऊन पत्रं आणायची. आता तुझ्या मैत्रिणीच्या बाजूने एक सांगतो, "पैसे द्या, पाप माफ" अशी चर्चची शिकवण नव्हती, पश्चात्ताप आणि कबुली लागायचीच, पत्राने फक्त उरलेली शिक्षा कमी व्हायची, म्हणजे शुद्धिस्थानातली (स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती जागा). पण बाजारात इतकं बारीक कोण सांगत बसतंय!

याच विक्रीविरुद्ध लूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ ला मांडलेले ते ९५ मुद्दे वाच कधीतरी, सुट्टी त्याचीच, त्यात पोपलाही सरळ नाकारलेलं नाही आणि शुद्धिस्थानालाही नाही. खरी तोडातोड झाली ती तुझ्या लाइपझिगमध्ये, १५१९ च्या जुलैत, प्लायसेनबुर्ग किल्ल्यात (आता तिथे न्यू टाउन हॉल आहे बघ). योहान एक् हा कॅथलिकांकडचा, वादात पट्टीचा माणूस, त्याने लूथरला बरोबर कोपऱ्यात घेतलं, की तू तर त्या चेक धर्मसुधारक यान हुससारखं बोलतोयस, ज्याला १४१५ साली चर्चच्या कॉन्स्टन्सच्या परिषदेने पाखंडी ठरवून जाळायला लावलं. आणि लूथर बोलून गेला की हुसची बरीच मतं अस्सल ख्रिस्तीच होती, परिषदेचीही चूक होऊ शकते. झालं! पोपही चुकू शकतो, परिषदही चुकू शकते, मग शेवटचा शब्द कोणाचा? पवित्र शास्त्राचा. कॅथलिक लोक बायबल मानत नाहीत असं मात्र चुकूनही म्हणू नकोस, त्यांचं म्हणणं शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा दोन्ही धरून चालायचं आणि अर्थ चर्चने लावायचा, ट्रेंटच्या परिषदेत १५४६ ला त्यांनी ते पक्कं केलं.

दुसरा मुद्दा माझ्या मते जास्त मोठा, तारण, म्हणजे पापातून सुटका कशी होते. दोघंही म्हणतात सुरुवात कृपेनेच होते. पण कॅथलिक म्हणतात कृपा माणसाला आतून बदलते, माणूस तिला साथ देतो आणि त्यात त्याची सत्कर्मंही धरली जातात. लूथर म्हणाला, नाही, देव ख्रिस्तासाठी मला नीतिमान धरतो, मी फक्त विश्वासाने ते घेतो, सत्कर्मं त्यातून पुढे येतात, पण हिशोबात नाहीत. गंमत म्हणजे याच मुद्द्यावर लूथरन आणि व्हॅटिकनने १९९९ साली आउग्सबुर्गला एकत्र निवेदनावर सह्या केल्या, तारीख परत ३१ ऑक्टोबर.

सातऐवजी दोन संस्कार, पाळकांची लग्नं, संतांकडे विनवणी न करणं, हे सगळं तुला माहितीये.

प्रभुभोजनावर (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) मात्र आपलेच लोक आपसात भांडले. कॅथलिकांसाठी भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. लूथर म्हणे भाकर भाकरच राहते पण ख्रिस्त त्यात खरोखर हजर असतो, झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली म्हणे ही आठवण आहे. १५२९ ला मारबुर्गमध्ये लूथरने टेबलावर खडूने "हे माझे शरीर आहे" लिहिलं आणि तिथून हलायलाच तयार नाही, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं, यावरच अडलं. आणि १८३१ ला नगरला आलेलं आपलं अमेरिकन मिशन झ्विंग्ली आणि जिनीव्हाचा सुधारक कॅल्व्हिन यांच्याकडचं, म्हणजे लूथर आपल्या प्रभुभोजनाच्या मेजावर आला असता तर आपल्यालाच झापलं असतं!

टाउन हॉलच्या समोरच आता कॅथलिकांचं नवं चर्च आहे, २०१५ चं. मैत्रिणीसोबत मिस्साला (त्यांच्या उपासनेला) जरूर जा, फक्त ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाची भाकर) घ्यायला रांगेत उभी राहू नकोस, त्यांच्याकडे तो आपल्याला देत नाहीत, जागेवर बसून राहिलीस तरी कोणाला काही वाटणार नाही. आणि तिलाही एखाद्या रविवारी आपल्या सेंट थॉमस चर्चला घेऊन जा, लूथरने १५३९ ला तिथे उपदेश केला होता.

पप्पा