वनमंत्र्यांना खुले पत्र: बी पिकल्यावर कॉसमॉस कापून काय साधले?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

शहरालगतच्या टेकडीवर माजलेला कॉसमॉस, म्हणजे पिवळ्या फुलांचे परदेशी तण, फुलावर येण्याआधी, ऑगस्टअखेरपर्यंत मुळासकट उपटला जाईल, असे जूनमध्ये आपल्या खात्याने आम्हाला लेखी कळवले होते. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. परवा, ऑक्टोबर निम्मा उलटल्यावर, ठेकेदाराची माणसे गवत कापायची मशीन घेऊन आली आणि दिवसभरात पूर्वेकडचा उतार सपाट करून गेली.

तिथे जाऊन एकदा खाली वाका आणि जमीन पाहा. काळपट, सुईसारखी, दोन-तीन सेंटिमीटर लांब फळे सगळीकडे पडली आहेत. त्यांच्या टोकाला दोन-तीन काटे असतात आणि काट्यांवर उलटे दात. मोज्यांना, पायजम्याला, गुरांच्या अंगाला ती चिकटतात आणि पुढच्या माळावर जाऊन पडतात. कापलेला माल उघड्या ट्रॉलीतून नेला, म्हणजे आता रस्त्याच्या दोन्ही कडांनाही हेच उगवणार. हे काढणे नव्हे, ही पेरणी झाली.

त्याच दिवशी सोनकी हे रानफूलही कापले गेले. ती आपल्या सह्याद्रीची, कॉसमॉस मेक्सिकोकडचा. दोन्हींचा रंग पिवळा, म्हणून दोन्ही एकच समजली गेली. कॉसमॉसची पाने खोडावर समोरासमोर येतात आणि पिसासारखी चिरलेली असतात. सोनकीची एकाआड एक, साधी, कडेला दाते असलेली. कॉसमॉसला बहुधा आठच पाकळ्या, टोकाशी खाचा असलेल्या. फूल उलटे केले की खाली अरुंद हिरव्या पात्यांचे वेगळे कडे दिसते. मजुराला हे शिकवायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कुणीही दिली नाहीत.

कॉसमॉस टेकडीवर नवखा होता, तेव्हाच आम्ही आपल्या खात्याला नमुना दिला होता. उत्तर आले: ‘स्थानिक रानफूल, कार्यवाहीची आवश्यकता नाही.’ कशावरून ठरवले? वरून काढलेल्या फुलाच्या एका फोटोवरून. तेवढ्यावर अशी ओळख पटत नसते. पूर्ण झाड, खोडावरची पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, फूल समोरून आणि देठाकडून, शिवाय फळ, एवढे फोटो लागतात आणि प्रत्येकाशेजारी मोजपट्टी. चुरगळल्यावर येणारा वास, चीक आहे की नाही, उंची, तारीख, नेमकी जागा हे तिथेच टिपावे लागते. मग फुला-फळांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून सुरुवातीचे काही दिवस कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते आणि नमुना वाया जातो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. नमुना तिथे पाठवला असता, तर पुढची वर्षे वाया गेली नसती.

आता काढण्याविषयी. कॉसमॉस वर्षायू आहे, म्हणजे एका वर्षातच उगवून, फुलून मरतो. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन ओली असताना बुंध्याशी धरून ओढला की मुळासकट येतो. मशीनने वीतभर ठेवून कापला तर खालच्या पेरांतून फुटतो आणि काही आठवड्यांत पुन्हा फुलतो. फुले आली असतील तर आधी बोंडे खुडून पोत्यात भरावीत, कारण उपटून टाकलेल्या झाडावरही बी पिकते. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवर फेरी हवी आणि पुढच्या पावसाळ्यातही हवी, कारण आधीच्या वर्षांचे बी मातीत दडलेले असते. ठेक्यात यातले काहीच नाही. त्यात आहे फक्त ‘क्षेत्र साफ केले’. बिल कापलेल्या हेक्टरवर निघते, पुन्हा किती उगवले हे कुणी मोजत नाही.

आमच्या लोकांनी पाच पावसाळे शनिवार-रविवार या उतारावर काढले. गाजरगवताने हात सोलवटले, काहींना त्वचारोग कायमचा जडला. त्या सगळ्या श्रमांवर एका दिवसात पाणी फिरवले, याचा संताप आहे आणि तो लपवण्याचे आम्हाला कारण नाही.

आणि हे काही पहिल्यांदा घडत नाही. घाणेरी बागेची शोभा म्हणून आली आणि जंगलात शिरली. जलपर्णीही फुलांसाठीच आणली, आज नद्या तिच्याखाली गुदमरताहेत. गाजरगवताची देशातली नोंद १९५५ची, पुण्यातली. एकेक झाड हजारो बिया टाकते. ते मूठभर होते तेव्हा हात लावला नाही. टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड सरकारी रोपवनांतूनच लावले गेले. आता ‘सुशोभीकरणा’च्या नावाखाली दुभाजकांवर कॉसमॉस पेरला जातो. एक खाते पेरते, दुसरे काढायचा ठेका देते, दोन्हींचा पैसा जनतेचा.

कायदा नाही असेही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने ६२अ हे कलम आले. परक्या आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, बाळगणे, वाढवणे यांवर केंद्र सरकार बंदी घालू शकते. कॉसमॉससाठी आपण राज्यातर्फे केंद्राला पत्र लिहा. दुभाजकांवरची त्याची पेरणी थांबवण्याचा आदेश मात्र राज्याच्याच हातात आहे, तो आजच काढता येईल.

टेकडीचा पश्चिम उतार अजून कापलेला नाही. तिथली बरीच बोंडे आज हिरवी आहेत, आठ-दहा दिवसांत काळी पडतील. मशीन थांबवा. पोती आणि वीस माणसे द्या, सोनकी कोणती हे दाखवायला आम्ही सकाळी सात वाजता उताराच्या पायथ्याशी उभे असू.

आपले,
टेकडीवर काम करणारे नागरिक