वस्तीची गाडी

ति. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

राजापूरच्या घराच्या पडवीत बसून लिहितेय. काल दिवेलागणीला पोचलो. घर ठीक आहे. मागच्या बाजूची चार कौलं माकडांनी सरकवलीत, ती आज बसवून घेतो. कलमांना मोहोर चांगला आलाय, वरच्या कुंपणाकडची दोन मात्र अजून पालवीवरच आहेत. किल्ली शेजारच्या काकींकडेच होती. आई, तू आधी हेच शोधणार, म्हणून आधी हेच लिहिलं.

फोनवर आठ दिवस नुसतं "जेवलीस का?" आणि "गाडी तापली नाही ना?" एवढंच झालं. खरं सांगायचं ते सगळं राहूनच गेलं.

बाबा, पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून राजापूरपर्यंतचा रस्ता तुम्ही एसटी चालवत एका रात्रीत काढायचात. आम्ही त्याला आठ दिवस घेतले. गाडी तीच, आपली जुनी ईको. मागची सीट काढून तिथे तुमच्या जावयांनी प्लायवूडच्या दोन पेट्या बसवल्यात. वर गादी टाकली की पलंग होतो, आत भांडी, पाच किलोचा सिलेंडर आणि पाण्याचा कॅन. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी. रोज थोडंथोडंच अंतर कापायचं असं ठरवलंच होतं.

तुमचा सतरा नंबरचा हायवे आता सहासष्ट झालाय, पण लोक अजून गोवा हायवेच म्हणतात. 2011 पासून त्याचं चौपदरीकरण चाललंय. कुठे मख्खन रस्ता, कुठे एकदम डायव्हर्जन आणि लाल धूळ. रुंदीकरणात जुनी झाडं फार गेली. "वडाखाली गाडी लावली की इंजिन पाच मिनिटांत गार" असं तुम्ही सांगायचात. तसले वड शोधत गेलो, दोन-तीनच सापडले. मला त्याचं फार वाईट वाटलं.

नागोठण्याच्या पुढे मात्र जे मिळालं ते तुम्हाला मिळायला हवं होतं. संध्याकाळी शेताच्या बांधावर पाच-सहा माणसं पोपटी लावत होती. हिवाळ्यात त्या पट्ट्यातून जाताना केबिनमध्ये पोपटीचा वास यायचा, पण थांबता कुठे येतंय, असं तुम्ही कितीदा म्हणाला असाल! आम्ही थांबलो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे नि अंडी, वर पुन्हा पाला गच्च कोंबून तोंड बंद. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचून आग. पाण्याचा थेंब नाही आत. अर्ध्या तासाने एका आजोबांनी मडक्यावर चार थेंब शिंपडले, ते चुर्र करून उडाले, तसे म्हणाले, "झाली." तुम्ही एसटीत ड्रायव्हर होता, याच रस्त्यावर, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पहिली ओंजळ माझ्या हातात घातली आणि म्हणाले, "ही त्यांची." भांबुर्डीचा उग्र वास दुसऱ्या दिवशी अंघोळ केली तरी हाताला होता.

महाडला एक दिवस पुरा दिला. गांधारपाल्याची लेणी तुम्हाला स्टिअरिंगवरून रोज दिसायची, ती चढून पाहिली. मग चवदार तळ्यावर गेलो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ज्या पाण्याला हात लावला, त्याच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. शाळेची एक सहल आली होती, मुलं एकदम गप्प होती.

आणि मग सावित्रीचा पूल. बाबा, हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. 2 ऑगस्ट 2016. तुम्ही रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. जुना ब्रिटिशकालीन पूल रात्री गेला आणि दोन एसटी वाहून गेल्या, त्यातली एक राजापूर–बोरिवली. तुम्ही किती वर्षं चालवलेली गाडी. सकाळी बातमी आली तेव्हा तुम्ही कपाटातून खाकी शर्ट काढलात आणि मांडीवर घेऊन बसलात. घातला नाही, ठेवलाही नाही. आई देवापुढे बसली होती. तुमच्याशी त्या दिवशी काय बोलावं ते आम्हाला कळलं नाही, आणि नंतर कधी तो विषय कोणी काढला नाही.

नवा पूल मोठा आहे. अलीकडे गाडी लावून आम्ही चालत गेलो. खाली जानेवारीची सावित्री, दगडांमधून निघालेली, घोटाभर पाण्यात दोन मुलगे मासे धरत होते. कठड्याला टेकून मी हिशेब करत होते, गाडी राजापूरहून कधी सुटायची, इथे कधी यायची. रात्रीचे अकरा, साडेअकरा. आई, तू रोज त्याच सुमाराला उठायचीस. माठातलं पाणी प्यायचीस, कडी बघायचीस, परत आडवी व्हायचीस. आम्हाला वाटायचं तुला झोप येत नाही. तू घड्याळाकडे बघून बाबांना सावित्री ओलांडून द्यायचीस ना? मला हे चाळिशीत आल्यावर, त्या पुलावर उभी राहून कळलं.

कशेडीला आता बोगदा झालाय, गाड्या काही मिनिटांत पार होतात. आम्ही जुन्या घाटानेच गेलो. उतार मी चालवला, आणि तुमचा नियम पाळला: ज्या गिअरला चढायचा त्याच गिअरला उतरायचा. खाली आल्यावर तुमच्यासारखा हात उलटा करून चाकापाशी धरला. ब्रेक कोमट होते फक्त. तुम्ही बाजूला असायला हवे होतात.

चिपळूणहून हायवे सोडून गुहागरला गेलो. सुरूच्या बनात दोन रात्री, समोर समुद्र. मग तवसाळहून जंगलजेटीत गाडी चढवून जयगडला उतरलो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी. गाडी बोटीत उभी आणि आपण कठड्याशी, खारा वारा तोंडावर. आई, तुला बोट लागायची भीती नको, खाडी लहान आहे, पाणी हलतसुद्धा नाही. या वळणामुळे संगमेश्वर राहिलं. कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ मी तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

रात्रींबद्दल सांगायचंय. पहिल्या रात्री खिडक्या बंद करून झोपलो, पहाटे टपाला आतून घाम फुटला आणि थेंब तोंडावर पडायला लागले. मग फटी ठेवायला शिकलो. पत्रा तीन वाजता कसा गार पडतो, कुत्रं भुंकलं की डोळा कसा लख्ख उघडतो, हे सगळं आठ रात्रीत कळलं. बाबा, तुम्ही वस्तीची गाडी घेऊन रात्रीच्या मुक्कामाला गेलात की तुम्ही आणि कंडक्टर काका बाकड्यावर झोपायचात, उन्हाळ्यात टपावर. सकाळी पहिली फेरी घेऊन निघायचं. घरी आलात की आई एरंडाची पानं गरम करून तुमची पाठ शेकायची. लोक आमच्या गाडीला कॅम्पर म्हणतात, कौतुकाने फोटो काढतात. मी सगळ्यांना सांगते, ही वस्तीची गाडी आहे, आणि आमच्या घरात ती आधीपासून आहे.

आता ठरवलंय ते ऐका. शिमग्याला पालखी घरी यायच्या आधी तुम्हा दोघांना या गाडीने आणायचं. पाच दिवस, बाबा पुढच्या सीटवर, पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दादाशी बोलले आहे, बदलापूरहून तो पळस्प्यापर्यंत सोडेल. झोपायला रोज खोली घेऊ, गाडी दिवसा आडवं व्हायला आणि चहाला. स्वच्छ बाथरूम कुठे कुठे आहे ते वहीत लिहून आणलंय, दोन जागी आत जाऊन कमोड आहे का तेही पाहिलंय, तेव्हा आई, ते कारण चालणार नाही. पोपटीचा हंगाम तोवर संपत आलेला असेल, पण त्या आजोबांनी वालाच्या शेंगा उशिरापर्यंत मिळतात म्हणून सांगितलंय.

अडचण एकच आहे. मागचा दरवाजा तुझ्या गुडघ्याला उंच पडेल. जावई लाकडाची पायरी करणार आहेत, पुण्याला पोचलो की लगेच. तू भिंतीला धरून उभी राहा, उजवा पाय न दुखता जितका वर जाईल तितका उचल, आणि बाबांना टेपने मोजायला सांग. इंचात. डाव्याचंही घ्या.

तुमची,
बाय