छोट्या पोकरमधील न दिसणारा वाटेकरी

महोदय,

ऑनलाइन पोकर हा जुगार की कौशल्याचा खेळ, या वादात अगदी छोट्या रकमांच्या टेबलांवर प्रत्यक्षात काय घडते, याचा विचार क्वचितच होतो. हौशी खेळाडू म्हणून माझा अनुभव असा, की तिथे ‘ब्लफ’ (हलकी पाने असताना मोठी रक्कम लावून समोरच्याला डाव सोडायला लावणे) जवळजवळ चालतच नाही. गमावण्यासारखे फारसे नसल्याने समोरचा खेळाडू हाती दुरीची जोडी असली तरी शेवटच्या पानापर्यंत पैसे लावत राहतो. म्हणून बहुतेक डाव सोडून देणे आणि चांगली पाने आली की रक्कम वाढवणे, हेच (काहीसे कंटाळवाणे) धोरण उपयोगी पडते. ‘टेक्सास होल्डम’ या पोकरच्या प्रकारात सुरुवातीच्या दोन पानांतच दोन एक्के मिळण्याची शक्यता २२१ डावांत एक असते. असे एक्के कोणतीही पाने घेऊन बसलेल्या एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. मात्र असे चौघे शेवटपर्यंत टिकले, तर हे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास घसरते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे ‘रेक’, अर्थात जमलेल्या रकमेतून संकेतस्थळ कापून घेते ते कमिशन. त्याला सहसा कमाल मर्यादा असते, पण छोट्या टेबलांवरील रक्कम तिथवर पोहोचतच नाही. परिणामी लावलेल्या पैशांच्या तुलनेत सर्वाधिक भार याच खेळाडूंवर पडतो आणि इतरांपेक्षा सरस खेळणाराही तोट्यात राहू शकतो. तेव्हा प्रत्येक खेळाडूला त्याच्या शिलकेशेजारीच आजवर कापलेला एकूण ‘रेक’ दाखवणे संकेतस्थळांना बंधनकारक करावे.

– एक वाचक