पिशवीवर तपासणीची पद्धतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवाच्या सुमारास पुण्यात मंडळामंडळांतून रक्तदान शिबिरे होतात आणि किती पिशव्या जमल्या याचे फलक चौकाचौकांत लागतात. त्या रक्ताची तपासणी कशी होते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केले असल्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या आपल्याकडे प्रत्येक पिशवीसाठी सक्तीच्या आहेत. त्यांपैकी हिपॅटायटिस बीसाठी बहुतेक ठिकाणी एलायझा पद्धतीने विषाणूच्या आवरणावरील एक प्रथिन तेवढे शोधले जाते. प्लेटच्या खळग्यात रंग उमटला तर पिशवी बाद, नाही उमटला तर लेबलवर ‘निगेटिव्ह’. परंतु काही जणांच्या रक्तात हे प्रथिन सापडत नाही आणि विषाणूचा डीएनए मात्र यकृताच्या पेशींत वर्षानुवर्षे ठाण मांडून असतो व अधूनमधून अत्यल्प प्रमाणात रक्तात उतरतो. असा छुपा संसर्ग असलेला दाता दिसायला ठणठणीत असतो आणि त्यालाही याची कल्पना नसते. नुकताच संसर्ग झालेला दातासुद्धा महिनाभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ एलायझातून निसटू शकतो.

विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी ‘नॅट’ ही तपासणी देशभर सक्तीची नाही, कारण ती महाग आहे. ‘नॅट केलेले रक्त’ एवढ्या शब्दांवरही विसंबता येत नाही. अनेक ठिकाणी काही दात्यांचे नमुने एकत्र करून ती केली जाते आणि छुप्या संसर्गात मुळातच विरळ असलेला विषाणू त्या मिश्रणात आणखी विरळ होतो. अमेरिका व जर्मनीत विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीराने तयार केलेली आणि बरे झाल्यावरही रक्तात टिकणारी प्रतिपिंडेही (अँटीबॉडीज) तपासतात. आपल्याकडे तसे केल्यास पूर्वी संसर्ग होऊन बरे झालेले असंख्य दाते बाद होतील आणि रक्ताचा तुटवडा वाढेल, म्हणून तो मार्ग मला तूर्त व्यवहार्य वाटत नाही.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, म्हणजे आयुष्यभरात शेकडो दात्यांचे. या मुलांसाठी तरी शासनाने प्रत्येक पिशवीची स्वतंत्र नॅट स्वखर्चाने करावी. त्यांचे हिपॅटायटिस बीचे लसीकरण पूर्ण करून प्रतिपिंडांची पातळी वेळोवेळी तपासावी. हे काम तर फारसे खर्चिकही नाही.

आणखी एक गोष्ट शिबिरांतली. दात्याच्या अर्जात कावीळ, टॅटू, शस्त्रक्रिया यांविषयी प्रश्न असतात. रांग वाढली की कार्यकर्तेच सगळीकडे ‘नाही’वर खुणा करून मोकळे होतात. हेल्मेट नाहीतर डबा भेट मिळणार असेल, तर दाताही हरकत घेत नाही. जो संसर्ग तपासणीतूनही निसटू शकतो, त्याच्या बाबतीत हे प्रश्न हीच पहिली चाळणी आहे.

राज्य रक्त संक्रमण परिषदेने पिशवीच्या लेबलवर आणि बिलावर ‘एलायझा’, ‘एकत्रित नमुन्यांची नॅट’ किंवा ‘स्वतंत्र नॅट’ असा स्पष्ट उल्लेख बंधनकारक करावा, ही विनंती. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, पुणे